उदास होते, उदासीन झाले: गोळ्यांनी रडू थांबलं, पण आनंदही गेला. तुमचा अनुभव?

कोमल_गंधार

चौदा महिने झाले, नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम चालू आहे. आधी १० मिलिग्रॅम, गेले आठ महिने २०. सुरुवातीलाच सांगते, मी गोळ्यांच्या विरोधात नाही. त्या सुरू होण्याआधीचे चार महिने मला आठवायचेही नाहीत. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर कुणीतरी बसून आहे असं वाटायचं. केस विंचरायला हात उचलत नव्हता. ते सगळं गेलं. झोप लागते, कामावर जाते, चारचौघांत बोलते. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" मी सांगते, "बरं वाटतंय." त्यात खोटं काही नाही.

पण परवा एक गोष्ट झाली, ती डोक्यातून जात नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून गाणं शिकते आहे. बऱ्याच दिवसांनी तानपुरा लावायला घेतला. जोडाच्या दोन तारा जुळत येतात तेव्हा आधी दोघींच्या मधे एक लाट ऐकू येते. खुंटी जराशी फिरवली की लाट लांबत जाते. मग मणी केसभर सरकवायचा, आणि लाट विरते. दोन तारांची एक तार होते. इतकी वर्षं त्या क्षणी अंगावर काटा यायचा, दरवेळी, न चुकता. परवा लाट विरली आणि मला कळलं की सूर लागला. घड्याळात साडेसहा वाजलेत हे कळावं, तसं कळलं. पुढे काहीच नाही. तानपुरा गवसणीत घालून ठेवून दिला.

मग मागचं आठवत बसले. पाच महिन्यांपूर्वी बहिणीला मुलगी झाली, तेव्हा मी "किती गोड!" म्हणाले, कारण तिथे तेच म्हणतात. तीन महिन्यांपूर्वी आजोबा गेले. मी त्यांची सगळ्यात लाडकी नात. सगळे रडत होते आणि मी कागदपत्रं कुठे आहेत ते शोधत होते.

हे आजाराचं उरलंसुरलं आहे की गोळ्यांमुळे होतंय? तुमच्यापैकी कुणाला झालंय का, आणि गेलं का? डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंत? "बरं वाटतंय, पण काही वाटतच नाही" हे वाक्य मी तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा न बोलता परत आले.

टिटवी

"साडेसहा वाजलेत हे कळावं तसं" इथे वाचता वाचता थांबले. हुबेहूब हेच.

नवरा एखादा किस्सा सांगायचा. मला तो कळायचा, हसायचं कुठे तेही कळायचं, आणि मी तिथे बरोबर हसायचे. पोटातून काही यायचं नाही. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकी मी त्यात तरबेज झाले होते. तू एकटी नाहीस ग.

पाणवठा

दुसरी बाजूही इथे असायला हवी म्हणून लिहितो.

मला जे व्हायचं ते 'काही न वाटणं' नव्हतं, 'सगळंच वाटणं' होतं. फोन वाजला तरी पोटात खड्डा पडायचा. ऑफिसात कुणी दार जरा जोरात लावलं की डोळ्यांत पाणी. सर्ट्रालीन सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात एक दिवस फोन वाजला आणि मी फक्त फोन उचलला. त्या दिवशी मी बायकोला मिठी मारून सांगितलं की आज फोन वाजला आणि मी नुसता उचलला. तुम्ही ज्याला बोथट होणं म्हणताय, त्या बोथटपणाने मला जगवलं. वरच्या बाजूचं थोडं कापलं गेलंय, हे मलाही जाणवतं. तूर्तास मला तो सौदा मान्य आहे.

कोमल_गंधार, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. ज्याची त्याची धार वेगळ्या ठिकाणी असते, आणि गाणाऱ्या माणसाची तर तिथेच असते जिथे तुमची गेली आहे.

शेवटचा_बाक

मी स्पष्टच लिहितो. माझ्या भावाने या गोळ्या सहा वर्षं घेतल्या. आधी तो दुःखी होता, नंतर भिंत झाला. आमच्याकडे एकेकाळी भांडणंही त्याच्यामुळे व्हायची आणि हशाही त्याच्यामुळेच. सहा वर्षांत त्याने एकदाही आवाज चढवला नाही. नातेवाईक म्हणायचे, "बघा, कसा स्थितप्रज्ञ झालाय!" मला ते ऐकून संताप यायचा. स्थितप्रज्ञ माणूस साधना करून तिथे पोचतो. माझ्या भावाला कुणी विचारलं होतं का? शेवटी त्याने गोळ्या टाकून दिल्या आणि माझा भाऊ मला परत मिळाला. माझं मत ठाम आहे: मेंदू सुन्न करतात आणि त्यालाच बरं झालं म्हणतात.

टिटवी

@शेवटचा_बाक, भाऊ परत मिळाला याचा मनापासून आनंद आहे. पण "टाकून दिल्या" हे वाचून कुणी आज रात्रीच तसं करेल, म्हणून माझं सांगते.

मी व्हेन्लाफॅक्सीन एका शुक्रवारी बंद केलं. कुणाला न विचारता, एकदम. रविवारी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, झर्रकन, अगदी कानापर्यंत. चक्कर, घाम, भयानक स्वप्नं. मंगळवारी मी बाथरूमच्या जमिनीवर बसून रडत होते. मला वाटलं, चला, रडू आलं म्हणजे मी परत आले. ती मी नव्हते. शरीर त्या औषधाला सरावलं होतं आणि ते अचानक काढून घेतल्याचा तो आकांत होता. परत सुरू करावं लागलं. दुसऱ्या वेळी सात महिने लावून कमी केलं, शेवटचा तुकडा तर सगळ्यांत सावकाश. तेव्हा काही झालं नाही.

मनोगती

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणावर उपचार करत नाही, करणारही नाही, पण मूळ प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. आमच्या ओपीडीत तो जितक्या वेळा यायला हवा तितका येत नाही. त्यात आमचा दोष मोठा आहे. आम्ही झोप, भूक, आत्महत्येचे विचार हे विचारतो. "आनंद होतो का?" हे विचारायचं राहून जातं.

आनंद न वाटणं हे नैराश्याचं मूळ लक्षणच आहे. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्याला 'अ‍ॅनहिडोनिया' हे नाव दिलं. आज निदान करताना नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, असं बघतात. त्यातही 'उदास वाटणं' किंवा 'कशात रस न उरणं' या दोनपैकी एक असावंच लागतं. म्हणजे रुग्ण कधीच उदास न दिसता नुसता नीरस होऊन आला, तरी ते नैराश्य असू शकतं. आणि गोळ्यांनी उदासी आधी जाते, रस मात्र मागे रेंगाळतो, हेही आम्ही रोज बघतो.

दुसरा प्रकार गोळ्यांमुळे होतो. याच गटातलं फ्लुओक्सेटीन हे औषध १९८७ च्या शेवटी अमेरिकेत मान्य झालं आणि १९९० मध्येच फ्लुओक्सेटीन आणि फ्लुवोक्सामीन घेणाऱ्या काही रुग्णांमधल्या बेफिकिरीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तेव्हा हे आजचं खूळ नाही.

दोन्ही ओळखायचे कसे? मी रुग्णाला चार गोष्टी विचारतो. चांगलं तेवढंच गेलं की वाईटही गेलं? आजारात सहसा आनंद जातो आणि दुःख, अपराधीपणा मागे राहतो. गोळ्यांच्या बोथटपणात दोन्ही टोकं छाटली जातात. राग, रडू, काळजी, सगळंच. मग विचारतो की हे कधीपासून, आणि तेव्हा डोस वाढला होता का? मधे एखादा काळ असा होता का की मन बरं झालं होतं आणि आनंदही होत होता? शेवटचं म्हणजे लैंगिक इच्छेत आणि संवेदनेत फरक पडलाय का? हे दोन पुष्कळदा जोडीने येतात आणि लाजेपायी दोन्ही लपवले जातात. याखेरीज थायरॉइड तपासून घ्यावं, कारण त्याची कमतरता असाच सुस्तपणा आणते.

कोमल_गंधार, या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिलीच पाहिजेत असं नाही. एका कागदावर लिहा आणि तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा. तोंडाने बोलणं जमत नसेल तर कागद बोलेल.

रातकिडा

मनोगती यांचा शेवटचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा इथे लिहायला आलो.

होय. दोन्ही एकदमच गेलं. इच्छा नाही, आणि शरीराला स्पर्श कळतो पण त्यात गोडवा नाही. बायकोला वाटलं माझं मन दुसरीकडे आहे. मला वाटलं माझं वय झालं. मी एकेचाळीस वर्षांचा आहे! डॉक्टरांना सांगायला एक वर्ष लागलं, तेही चिठ्ठीवर लिहून. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाले, "हे गोळीमुळे होतं, तुमच्यामुळे नाही." बाहेर येऊन मी गाडीत अर्धा तास बसून होतो. औषध बदललं, चार महिन्यांत बराच फरक पडला.

काकदृष्टी

मी मेंदूविज्ञान शिकवतो, रुग्ण तपासत नाही. वर दोन मतं आमनेसामने उभी आहेत. पुरावा काय सांगतो ते मांडतो.

२०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. नैराश्यासाठी गोळ्या घेणाऱ्या ६६९ जणांना विचारलं, त्यातल्या ४६ टक्के लोकांनी भावना बोथट झाल्याचं सांगितलं. जवळपास निम्मे. इथवर शेवटचा_बाक यांचं पारडं जड. पण त्याच पाहणीत असंही दिसलं की ज्यांचं नैराश्य जास्त शिल्लक होतं, त्यांचा बोथटपणाही जास्त होता. मग हे आजाराचं की औषधाचं, हा गुंता तिथे सुटत नाही.

तो सोडवायचा तर ज्यांना आजारच नाही अशा लोकांना औषध देऊन बघायला हवं. तेही झालं आहे. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी लोकांना आठवडाभर सिटालोप्राम (एस्सिटालोप्रामचंच जवळचं भावंड) दिलं आणि मग चॉकलेटची चव देऊन मेंदूचं चित्र घेतलं. सुखद चवीला मेंदूचा प्रतिसाद मंदावला होता, आणि मुद्दाम दिलेल्या किळसवाण्या चवीलाही. दोन्ही टोकं, मनोगती म्हणतात तशीच. मग २०२३ चा अभ्यास, केंब्रिज आणि कोपनहेगन इथल्या मंडळींचा. ६६ निरोगी लोक. काहींना किमान तीन आठवडे एस्सिटालोप्राम, बाकीच्यांना खोटी गोळी. त्यांना एक खेळ दिला. दोन पर्यायांपैकी एकावर पाचात चार वेळा बक्षीस, दुसऱ्यावर पाचात एकदा, आणि मधेच नियम उलटा होतो. कुठे बक्षीस मिळतंय यावरून आपली निवड बदलत जायची. गोळी घेणाऱ्यांवर या बक्षिसाच्या इशाऱ्याचा परिणाम कमी होत होता. लक्ष, स्मरण यांत मात्र खोट आढळली नाही.

मला यात कोमल_गंधार यांचा तानपुरा दिसतो. कान शाबूत, ज्ञान शाबूत, सूर लागल्याची खबरही पोचली. त्या खबरीबरोबर जे बक्षीस यायचं ते आलं नाही.

म्हणून 'सगळं मनाचे खेळ आहेत' हे चूक. पण 'मेंदू सुन्न करतात' हेही चूकच, कारण सुन्न मेंदूने तो खेळ कुणी खेळूच शकत नाही.

शेवटचा_बाक

पुरावा वाचला. 'सुन्न' हा शब्द मागे घेतो. भावाला आज विचारलं, तेव्हा कळलं की त्यानेही एकदम टाकल्या नव्हत्या, डॉक्टरांना सांगून पाच महिन्यांत उतरवल्या. हे मला ठाऊक नव्हतं. त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

राग अजून आहे. सहा वर्षांत एकाही तपासणीत त्याला हा प्रश्न का विचारला गेला नाही?

माळरान

घरच्यांच्या बाजूने लिहिते, कारण आमची कुणी चौकशी करत नाही.

माझा नवरा तीन वर्षं औषधावर आहे. मुलगी सायकल शिकली तो दिवस. मी मागची सीट सोडली, ती डुगडुगत पंधरा-वीस फूट गेली आणि ओरडली, "बाबा, बघ!" तो बघत होता. "छान," म्हणाला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मुलीने ते पाहिलं. त्या रात्री मी त्याला नको नको ते बोलले. तुला आमचं काही पडलेलं नाही, इथपर्यंत. तो शांत ऐकून घेत होता आणि त्या शांतपणाने मी आणखीच भडकत गेले.

खूप दिवसांनी त्याने सांगितलं, "तुम्ही दोघी मला प्रिय आहात हे मला पाठ आहे. जाणवत नाही. जाणवेल म्हणून वाट बघतोय." ते वाक्य मला दोन वर्षं आधी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! कृपा करून घरच्यांना सांगा. आम्हाला ते प्रेम आटल्यासारखं दिसतं आणि आम्ही आपल्या मनाने भलतेच अर्थ लावत बसतो.

कोमल_गंधार

माळरान, मी आज बहिणीला फोन केला. एवढंच सांगते.

मनोगती, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर अडकले होते म्हणून रियाजाची जुनी वही काढली. पाचव्या महिन्यातली नोंद सापडली: "मारव्याचा रिषभ आज पहिल्यांदा जिथे हवा तिथे थांबला. डोळे भरून आले. पाच मिनिटं पुढे गाता आलं नाही." तेव्हा मी १० वर होते! म्हणजे मी बरी झाले होते आणि मला वाटतही होतं. पुढे कामातल्या ताणामुळे झोप बिघडली आणि डोस २० झाला. त्यानंतरच्या पानांवर फक्त वेळ लिहिलाय. २० मिनिटं. १५ मिनिटं. १५ मिनिटं. मग कोरी पानं.

हे माझ्याच अक्षरात इतके महिने कपाटात पडून होतं.

मनोगती

ही वही घेऊन जा. याहून चांगला पुरावा कुठल्याच तपासणीत मिळत नाही.

जुना_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले. माझी गोष्ट उलटी आहे आणि ती इथे नसली तर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मला नैराश्य आलं. गोळ्या सुरू झाल्या, उदासी बरीच कमी झाली, रस शून्य. मीही नेटवर वाचून खात्री करून घेतली की ही गोळीची करणी आहे. डॉक्टरांनी माझ्याशी पाऊण तास बोलून उलट डोस वाढवला. मी नाखुशीने घेतला. दहाएक आठवड्यांनी सकाळचं वर्तमानपत्र मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि शेवटी लक्षात आलं की वाचताना मजा आली. माझं ते आजाराचं उरलेलं होतं. मनोगतींच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर 'फक्त चांगलं गेलं' असं होतं. अपराधीपणा तर चोवीस तास मुक्कामाला होता.

दुसरं म्हणजे समुपदेशक बाईंनी मला एक वही करायला लावली. उद्या काय करायचं ते लिहायचं, आणि त्यात किती आनंद मिळेल याचा आधीच अंदाज द्यायचा, शून्य ते दहा. करून झाल्यावर खरा आकडा लिहायचा. इच्छा होण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की उठायचं. पहिल्या आठवड्यात मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जाण्यापुढे मी अंदाज लिहिला १. परत येऊन लिहिला ४. फिरायला जाणं: अंदाज ०, खरा ३. महिनाभर जवळपास रोज हेच. माझं मन माझ्याशी रोज खोटं बोलत होतं आणि ते माझ्याच हस्ताक्षरात मला दिसत होतं.

काकदृष्टी

जुना_वाचक यांची वही फार मोलाची आहे. मेंदूत 'हवंसं वाटणं' आणि 'मिळाल्यावर आवडणं' या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं. डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः पहिलीशी. जुना_वाचक यांची ओढ गेली होती, गोडी शिल्लक होती. तिथे 'आधी कृती, मग इच्छा' हा उपाय लागू पडतो. कोमल_गंधार तानपुऱ्याजवळ गेल्या, सूर लावला, म्हणजे कृती झाली. गोडीच पोचली नाही. तिथे कितीही वेळा बसवलं तरी तेवढ्याने भागेलच असं नाही.

सिरोटोनिन, म्हणजे या गोळ्या मेंदूतलं जे रसायन वाढवतात ते, वाढलं की काही मार्गांनी डोपामीनवर लगाम बसतो, हे या बोथटपणाचं एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. संभाव्य, यापुढे मी जाणार नाही.

पाणवठा

जरा अवांतर. धाग्याच्या शीर्षकातले दोन शब्द बघा. उदास म्हणजे दुःखी. उदासीन म्हणजे ज्याला सुखदुःख दोन्ही सारखंच, जो उठून बाजूला जाऊन बसला आहे. एका अक्षराचा फरक आणि दोन वेगळे आजार. डॉक्टरांपुढे 'बोथटपणा' हा शब्द आठवला नाही तर हेच सांगावं: पूर्वी उदास होते, आता उदासीन आहे. कुठल्याही मराठी डॉक्टरला हे कळेल.

रातकिडा

@पाणवठा, हे मला दोन वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

टिटवी

मनोगती, एक विचारायचं होतं. डोस कमी करणं सोडून आणखी काय मार्ग असतात? आणि रातकिडा यांच्यासारखं गोळी बदलल्यावर सगळ्यांचंच परत येतं का?

मनोगती

थोडक्यात लिहितो, कारण याचं उत्तर माणसागणिक बदलतं.

मन स्थिर असेल तर पुष्कळदा आधी डोस थोडा उतरवून बघतात. नाही जमलं तर वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध: बुप्रोपिऑन, व्होर्टिऑक्सेटीन, अ‍ॅगोमेलाटीन, मिर्टाझापीन. बुप्रोपिऑन सिरोटोनिनला हात लावत नाही, म्हणून त्याचा विचार होतो. पण फिट्सचा त्रास असेल, किंवा भूक आणि खाण्याशी जोडलेले आजार असतील, तर ते चालत नाही. १९८५ मध्ये मान्य झालेलं हे औषध फिट्समुळेच पुढच्या वर्षी बाजारातून काढून घेतलं होतं. १९८९ मध्ये डोसची मर्यादा घालून परत आणलं. तेव्हा मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घेऊन बघणं हा प्रकार नको. सोबत वर्तनोपचार, म्हणजे जुना_वाचक यांची वही.

उतरवण्याबद्दल टिटवी यांनी बरोबर लिहिलंय. डोस आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नसतं. २० वरून १० वर येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो. ५ वरून शून्यावर येताना तो कोसळतो. म्हणून शेवटचे टप्पे जास्त लहान आणि जास्त सावकाश. व्हेन्लाफॅक्सीन आणि पॅरॉक्सेटीन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास ठळक. फ्लुओक्सेटीन आठवडे रेंगाळतं. आणि डोस बदलताना मरणाचे विचार डोकावले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

सगळ्यांचं परत येतं का? बहुतेकांचं येतं. पण काही जणांत लैंगिक परिणाम औषध थांबल्यावरही टिकतात, आणि २०१९ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. हे मी रुग्णाला औषध सुरू करतानाच सांगतो. त्याला ते आधी माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

शेवटचा_बाक

शेवटच्या दोन वाक्यांसाठी मनोगती यांचे आभार. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर मी इथे इतक्या तावातावाने आलो नसतो.

माळरान

कोमल_गंधार, काय झालं पुढे? अधूनमधून येऊन धागा उघडून बघते.

कोमल_गंधार

सात आठवडे झाले. उशिराबद्दल माफी.

वही घेऊन गेले. डॉक्टरांनी ती पानं दोनदा उलटून बघितली आणि म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं." मला रागवायचं होतं, पण तेव्हा राग येतच नव्हता. थायरॉइड ठीक निघालं. २० चे १५ केले, चार आठवड्यांनी १०. मधे आठवडाभर झोप उडाली आणि मी घाबरले, जुने दिवस परत येतात की काय असं झालं. फोन केला, ते म्हणाले आणखी दहा दिवस बघू. बसली झोप. झोपेसाठी आता गोळीखेरीज इतर गोष्टी करते आहे, ठरलेल्या वेळी उठणं वगैरे.

सगळ्यांत आधी काय परत आलं सांगू? चिडचिड. दहा-बारा दिवसांपूर्वी वरच्या मजल्यावर भर दुपारी ड्रिल सुरू झालं आणि मला असा संताप आला की हातातला पेला आपटला. मग पेल्याकडे बघत उभी राहिले आणि हसायला लागले. बहिणीला फोन करून सांगितलं, मला राग आला! ती रडायला लागली. मग तिच्या मुलीचं रडणं मागून ऐकू आलं, आणि मला त्या क्षणी तिथे जावंसं वाटलं. जायला हवं असं नव्हे. जावंसं वाटलं. काकदृष्टी, हा फरक तुमच्यामुळे कळला.

आजोबांसाठी अजून रडले नाहीये. ते कपाटात मागे कुठेतरी ठेवलंय असं वाटतं.

जुना_वाचक

आणि तानपुरा?

कोमल_गंधार

काल लावला. काटा आला नाही, काका. पण लाट विरल्यावर मी गवसणी शोधली नाही, तशीच तारा छेडत बसले. वहीत वेळ लिहायला घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती.